कोणी पाडला ते विचारायचं नाही

आमच्या शेडमध्ये एक नियम आहे. डाग कशाने पडला ते विचारायचं, कोणी पाडला ते विचारायचं नाही.

शेड म्हणजे घरामागे पत्रे टाकून केलेली जागा. आमचं गाव कोन गावाच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. नारपोलीच्या लूमवरून, म्हणजे यंत्रमागांवरून, कोऱ्या कापडाचे ताके टेम्पोत भरून आमच्याकडे येतात. त्यांच्यावर मशीनच्या तेलाचे डाग असतात, ते आम्ही बायका काढतो. खडूची पूड, थिनर फवारायची गन, साबण, जुना टूथब्रश आणि खाली धरायला फडका, एवढीच आमची हत्यारं. नियम अनुभवातून झाला. सुरुवातीला मी भोळेपणाने विचारायची, एवढा मोठा कसा हो पडला? शेठ म्हणायचा कारागिराने पाडला, कारागीर म्हणायचा फिटरने, आणि फिटर म्हणायचा शेठ तेलच हलकं आणतो. तिघे भांडत बसायचे आणि डाग तिकडे निवांत मुरत पडायचा. तेव्हापासून फक्त कशाने. तेल, ग्रीस, गंज, पान, चहा. माणसाचं नाव मध्ये आलं की कामाची वाट लागते.

हा नियम बायडीला कधी समजावून सांगावा लागला नाही. कोणी पाडला हे न विचारता लोक डाग चिकटवतात, हे ती अंगावर घेऊनच माझ्याकडे आली होती.

बायडी डोंगराकडच्या आदिवासी पाड्यातली. आधी ती लग्नाकार्यात भांडी घासायला जायची. हिरामणशेठच्या मुलीच्या हळदीलाही गेली होती. हिरामणशेठ म्हणजे आमच्या गावातलं मोठं घर. दापोड्याला गोडाऊनं, गावात लूमचा कारखाना, दारात दोन गाड्या. त्या हळदीत त्यांच्या बायकोची, गुणाबाईची, नथ हरवली. सासूने दिलेली जुनी नथ. मांडवात शोधाशोध सुरू झाली आणि कुणीतरी म्हणालं, भांडीवाली आत पाणी प्यायला गेली होती. झालं. भर मांडवात, पाहुण्यांच्या देखत, बायडीची पिशवी उलटी केली. त्यातून उरलेला भात निघाला, पोरांसाठी घेतलेल्या दोन जिलब्या निघाल्या आणि एक कंगवा. नथ नाही निघाली. पण नथ नाही सापडली म्हणून ती चोर नाही, असं काही कुणाला वाटलं नाही. हुशार चोर आहे, एवढंच वाटलं. त्यानंतर तिला भांडी घासायलाही कुणी बोलावेना.

मी तिला कामावर घेतलं. यात माझा काही मोठेपणा नाही. तिला दार हवं होतं आणि मला हात हवा होता. पहिल्याच दिवशी मी तिला दाखवलं, डाग नेहमी कडेकडून मध्ये आणायचा, मधून बाहेर न्यायचा नाही, नाहीतर पसरतो. ती म्हणाली, "कळलं. घेरायचा." त्यानंतर तिला दुसरं काही शिकवावं लागलं नाही. पुढच्या बरसातीपर्यंत ती मला शिकवायला लागली होती, आणि मला ते तेव्हा जरा झोंबायचं, पण असो.

मग या वर्षी सरपंचपदाचं आरक्षण निघालं. अनुसूचित जमातीची महिला. हिरामणशेठच्या घरी काही फार खळबळ झाली नाही. आरक्षण कुणाचंही निघो, खुर्ची त्यांच्या घरात आणि सही दुसऱ्याची, हे गाव पाहत आलं होतं. त्यांच्या गोडाऊनच्या वॉचमनची बायको पाड्यातली होती. उमेदवार म्हणून तिचा फोटो छापून झालासुद्धा. फोटोत ती एकटी खाली कोपऱ्यात, आणि वर हिरामणशेठ, त्यांचा मुलगा भूपेश आणि भूपेशचे चार मित्र, सगळे गॉगल लावून.

एक दिवस दुपारी डबा खाताना बायडी म्हणाली, "ताई, मी पन भरनार हाय फॉर्म."

मी म्हटलं, "कशाचा?"

"सरपंचाचा."

माझा घास हातातच राहिला. "अगं, ते लोक..."

"ठाव हाय मला ते लोक. पान्याचा पाइप शेवटच्या गोडाऊनपर्यंत आला आन् तिथंच थांबला. गोडाऊनातल्या खोक्यांना तहान लागते, पाड्याला न्हाय." मग तिने डब्याचं झाकण लावलं आणि खरं ते सांगितलं. "सरपंच झाले न्हाय तर न्हाय. पन मानूस मत मागाया दारात जातो ना, तवा लोकांना त्याच्याकडं तोंड करून बोलावं लागतं. मला बगायचंय, कोन माझ्या तोंडावर नथ काढतो. इतकी वरसं समदी पाठीवर काढत्यात. ती नथ माझ्या अंगावरून उतरली पायजे."

चिन्ह मिळालं इस्त्री. शेडमधल्या बायका दोन दिवस हसत होत्या. बायडी म्हणाली, बरं झालं, लोकांना समजावून सांगावं लागनार न्हाय.

तिच्या प्रचाराला दोनच फ्लेक्स होते. एक माझ्या शेडवर आणि एक पाड्याच्या वळणावर, चिंचेखाली. फोटोत ती डोक्यावर पदर घेऊन सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. तिचा नवरा जान्या दिवसातून तीनदा त्या फ्लेक्सकडे बघायला जायचा. काही कारण नसताना. विचारलं तर म्हणायचा, दोरी ढिली झालीय का बगतो.

लोक तोंडावर काही बोलले नाहीत. चहा दिला, हो हो म्हणाले. आणि एका सकाळी चिंचेखालच्या फ्लेक्सवर बायडीचं तोंड काळं केलेलं होतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, चार बोटं भरून फासलेलं. पदर तेवढा दिसत होता. आम्ही पोहोचायच्या आत तो फोटो गावाच्या ग्रुपवर आलाही होता, खाली लिहिलेलं, "नथ सांभाळा, इस्त्री येतेय."

जान्या फडका आणि रॉकेल घेऊन फ्लेक्सवर चढायला निघाला होता. बायडीने त्याला खाली ओढलं.

"राहू दे."

"राहू दे काय? बायको हाय माजी ती."

"बायको इथं उभी हाय. ती चांगली हाय. तो फोटू हाय." तिने बोट लावून त्या काळ्याचा वास घेतला आणि बोट मला दाखवलं. लूमचं तेल. जुनं, लोखंडाची झीज आणि कापसाची तूस मिसळलेलं, चिकट काळं. पेंटच्या डब्याला दुकानात जावं लागतं, चार जण बघतात. लूमचं तेल आमच्याकडे कारखान्याच्या दारात डबा भरून पडलेलं असतं. ज्याच्या घरी लूम आहे त्याला काळं शोधायला बाहेर जावं लागत नाही. पण आमच्या गावात लूम आठ-दहा घरांत आहेत, तेव्हा तेलावरून काही नाव निघत नव्हतं, आणि नाव काढायची आम्हाला सवयही नव्हती.

"पुसू या की गं," मी म्हटलं. "फ्लेक्सवरून लगेच निघेल."

"निघंल. मंग म्हनतील, बायडीनं पुसला, म्हंजे होता. ज्यानं लावलाय तो पुसंल."

ती कामावर आली आणि दिवसभर ताके साफ करत बसली. नेहमीपेक्षा जरा जोरात घासत होती, एवढंच.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी गुणाबाई शेडमध्ये आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्या कधी आमच्याकडे येत नाहीत. त्यांच्याकडचे ताके टेम्पोवाला आणतो. वय झालंय, पण अजून नऊवारी नेसतात, आणि आवाज असा की खाडीच्या पलीकडून हाक मारली तरी कळावं कोण आहे. आमच्या आगरी लग्नांत त्या धवलारीण. भटजी नंतर येतो, आधी धवलारीण बसते आणि धवळे गाऊन देवांना आवतण देते. या भागात त्यांच्याइतके धवळे कुणालाच येत नाहीत.

"ताई, एक काम होता," असं म्हणत त्यांनी पिशवीतून शर्ट काढला. भूपेशचा पांढरा लिननचा शर्ट. हा शर्ट गावातल्या कुणीही ओळखला असता. प्रचाराला, पूजेला, साखरपुड्याला तोच. खिशावर चॉकलेटी दोऱ्याने त्याच्या नावाचं अक्षर. "गारीची चेन लागली. सुनेनं गरम पान्यात टाकला, तर जास्तच बसला. गुरवारी तुमचे दीपेशची हलद हाय ना. त्याला हाच पायजे."

दीपेश माझा पुतण्या. गुरुवारी संध्याकाळी त्याची हळद होती आणि रविवारी मतदान.

मी शर्ट उलगडला. गाडीची चेन लागली तर डाग पँटला लागतो, फार तर शर्टाच्या टोकाला. हा डाग उजव्या बाहीच्या आतून, मनगटापासून कोपरापर्यंत ओघळत गेलेला. माणूस डोक्याच्या वर हात करून काहीतरी काळं, पातळ फासत असेल तर तेल असंच बाहीत उतरतं.

 बायडी शेजारीच होती. तिने बाही पाहिली. मग शर्ट माझ्या हातातून घेतला, टेबलावर पसरला, खाली फडका घातला आणि विचारलं, "कशाचा हाय?"

गुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "तेलाचा."

"कवाचा?"

"दोन दिवस झाले."

"लगेच आनायचा ना, मावशी. ठेवला की बसतो. गरम पान्यानं तर घरच करतो." आणि ती खडूची पूड टाकायला लागली.

मी म्हटलं, "बस गो आत्या, चहा घे." गुणाबाई बसल्या. चहा तसाच राहिला. त्या बायडीकडे बघत होत्या. बायडी वाकून, कडेकडून, ब्रशचं टोक फिरवत होती. पूड झटकायची, गनचा फवारा मारायचा, फडका बदलायचा, पुन्हा कडेपासून सुरू. शर्टावर राग काढावा असं माझ्या मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू. गन जरा जास्त वेळ एका जागी धरली की लिननला भोक पडतं. बायडीचा हात कापडापासून वीतभर लांब राहिला. कोपराजवळ गरम पाण्याने पिवळी कड पक्की झालेली, तिथे ती सगळ्यात जास्त वेळ रमली. लहान पोराचं नाक पुसावं तसं.

"कोनी..." गुणाबाई मध्येच म्हणाल्या आणि थांबल्या.

"आमी विचारत न्हाय ते," बायडी म्हणाली, वर न बघता. "इथला नियमच हाय तसा."

शर्ट धुऊन, वाळवून, इस्त्री करून तिने घडी घातली आणि गुणाबाईंच्या हातात दिला. सहाही बटणं लावलेली. गुणाबाईंनी बाही उजेडात धरून पाहिली. काही नव्हतं तिथे. त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, दारापर्यंत गेल्या आणि दारातून परत आल्या.

"तू येनार का गो हलदीला?"

बायडीने मान हलवली. "ताईनं सांगितलंय. भांड्यांना न्हाय. बसाया."

"ये," गुणाबाई म्हणाल्या, आणि गेल्या.

त्या गेल्यावर मी बायडीला म्हटलं, "तुला कळलं ना तो शर्ट कसा..."

"ताई."

"बरं बाई. नियम."

गुरुवारी संध्याकाळी आमच्या अंगणात मांडव भरला होता. डीजे असा की ताटातली पापडी आपोआप मोडत होती. दीपेश उघड्या अंगाने पाटावर बसलेला, कुडकुडत. बायडी आली ती नव्या साडीत, जान्या तिच्या मागे एक पाऊल, आणि तिच्यासाठी मी पुढच्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती. लोकांनी बघितलं. बघितल्यासारखं केलं नाही, पण बघितलं. दोन बायकांनी आपल्या पर्स मांडीवर घेतल्या.

भूपेश मित्रांबरोबर जेवणाच्या टेबलापाशी उभा होता. पांढरा शर्ट, खिशावर अक्षर. डीजेचं एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या शांततेत तो मोठ्याने म्हणाला, "ताटं मोजून ठेवा रे. पाहुने आलेत."

मित्र हसले. मांडवातले बरेच जण खाली मान घालून हसले, तेही मी पाहिलं.  मी उठणार तेवढ्यात बायडी बसल्या जागेवरून बोलली, आवाज न चढवता.

"मोज ना भाऊ. आन् शर्टाची बटनं पन मोज. सा होती, साही परत दिली हायेत."

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग माझी जाऊ म्हणाली, "कुठला शर्ट?" दुसरी म्हणाली, "याचा शर्ट शेडमधे कशाला?" आणि तिसरी, जिच्या घरी स्वतःचे लूम आहेत, ती हळू म्हणाली, "शेडमधे तेलाचंच काढतात ना?" लूमच्या गावात यापुढे काही सांगावं लागत नाही. सगळ्यांच्या नजरा आधी शर्टावर गेल्या, मग एकमेकांवर. भूपेशने उजवा हात पाठीमागे नेला. तो नेला नसता तर कदाचित अजून थोडा वेळ निभावलं असतं.

हिरामणशेठ खाकरले. "चला, मुहूर्त होतो. धवळे सुरू करा."

डीजे बंद झाला. गुणाबाई पाटापाशी येऊन बसल्या, मांडीवर हळदीची वाटी, शेजारी दोन म्हाताऱ्या साथीला. आता एक गोष्ट आमच्याकडे सगळे मानतात, हिरामणशेठसुद्धा. धवलारीण गायला बसली की मध्ये बोलायचं नाही आणि तिला थांबवायचं नाही. थांबवलं तर आवतण मिळालेले देव अर्ध्या वाटेवरून परत जातात आणि नवरदेवाचा संसार अडतो. बाप मेल्याची बातमी आली तरी धवळा पुरा झाल्यावर सांगतात.

गुणाबाईंनी सूर लावला.

"पयलं आवतन गो गावदेवीला,
दुसरं आवतन गो खारीचे देवाला..."

मग डोंगराला, विहिरीला, घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. साथीच्या म्हाताऱ्या शेवटचे शब्द उचलत होत्या. नेहमीचं सगळं नेहमीच्या क्रमाने चाललं होतं. मग नवरदेवाला हळद लागायची ओळ यायला हवी होती. ती आली नाही. सूर तोच राहिला आणि शब्द दुसरे आले.

"नथ गो हरवली हलदीचे राती,
आल गो टाकला बायरीचे माथी..."

आमच्या जुन्या बायका बायडीला बायरी म्हणतात आणि आळ म्हणायचं तर आल. मांडवात सगळ्यांना ऐकू आलं. साथीची एक म्हातारी चुकली, पण दुसरीने सवयीने उचललं, "बायरीचे माथी..."

"नथ गो सापरली हलदीचे लुगऱ्यान,
पेटीन ठेवलेला, नाय धुतला पान्यान..."

हळदीचं लुगडं आमच्याकडे धुवत नाहीत. पिवळे डाग तसेच ठेवून घडी करून पेटीत टाकतात. ते शुभ. मागून कळलं ते असं: गुणाबाईंनी मुलीच्या हळदीला नेसलेलं आपलं लुगडं तसंच ठेवलं होतं, आणि पुढच्या वर्षी ऊन दाखवायला काढलं तेव्हा घडीतून नथ खाली पडली होती. मुलीच्या हळदीच्या पुढच्याच वर्षी. म्हणजे बायडी माझ्याकडे कामाला लागून थोडेच दिवस झाले होते तेव्हा.

हिरामणशेठ अर्धे उठले. त्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि मानेने दीपेशकडे दाखवलं. नवरदेव बसलाय, देव येतायत. शेठ बसले. त्यांच्याकडे तेवढाच उपाय होता.

"धनी मना बोलला, कुनाला नको सांगू,
एवरीशी बाई ती, तिला काय सांगू...
मीच गो गप झाले, मीच गो पापीन,
बायरी गो निर्मल खारीचे पान्यावानीन..."

यमक जुळवायला त्यांनी शेवटी जरा ओढाताण केली, हे मला त्या अवस्थेतही कळलं. पण आवाज हलला नाही. दोघी म्हाताऱ्यांनी ओळ उचलली, मग माझ्या जावेने उचलली, मग मागच्या बायकांनी. धवळ्याची ओळ आली की उचलायची, ही आमची लहानपणापासूनची सवय. ज्या बायकांनी पर्स मांडीवर घेतल्या होत्या त्याही गात होत्या, बायरी गो निर्मल. गाऊन झाल्यावर त्यांना कळलं आपण काय गायलो. तोवर तीनदा गाऊन झालं होतं.

मग गुणाबाईंनी राहिलेली हळदीची ओळ घेतली, धवळा पुरा केला, हात जोडले. देव आले असतील तर त्यांनीही सगळं ऐकलं.

 डीजेवाल्या मुलाचं बोट बटणावर आणि डोळे हिरामणशेठकडे.

"बायरी," गुणाबाई म्हणाल्या, "ये. पयली हलद तू लाव."

बायडी उठली नाही. खुर्चीचा हात धरून बसून राहिली. मला वाटलं, आता ती नाही म्हणेल, आणि नाही म्हणाली असती तर तो तिचा हक्क होता. जान्या मागे उभा, दोन्ही हात छातीशी, फ्लेक्सकडे बघायचा तसा बघत. शेवटी दीपेशच म्हणाला, "लाव ना मावशी. थंडी वाजतेय."

त्यावर पहिला हशा पिकला. बायडी हसत उठली, हळदीत बोटं बुडवली आणि दीपेशच्या दोन्ही गालांना, दंडांना, पायांना हळद लावली. कडेकडून नाही. चांगली भरभरून. मग ती गुणाबाईंसमोर उभी राहिली.  गुणाबाईंनी तिच्या गालाला हळद लावली, आणि मग वाटीत दोन्ही पंजे बुडवून त्या तडक जेवणाच्या टेबलापाशी गेल्या.

"आई, शर्ट," भूपेश मागे सरत म्हणाला.

"बगते ना," गुणाबाई म्हणाल्या आणि दोन्ही पंजे त्याच्या छातीवर ठेवले. दाबून. दहाही बोटं उठली, खिशावरच्या अक्षरासकट. "आता जा आनि चिंचेखाली जो काय केलास तो आपले हातान पूस."

तेव्हा डीजेवाल्याने बटण दाबलं, आणि त्याच्याइतकं वेळेचं भान मी कुणात पाहिलं नाही.

बायडी जेवायला पंगतीत बसली. सगळं जेवली, जिलबी दोनदा घेतली आणि जेवल्यावर आपलं ताटसुद्धा उचललं नाही. मी उचललं. मुद्दाम नाही, माझ्या जवळ होतं म्हणून.

भूपेशने फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उजाडताच पुसला. एकटाच होता, पण पाडा लवकर उठतो. पोरं चिंचेवर बसून त्याला सांगत होती, काका, हनुवटीजवळ राहिलं, काका, कपाळावर अजून हाय. जान्याने त्याला रॉकेल दिलं आणि शिडीही धरली. शिडी धरताना आपण एक शब्द बोललो नाही, हे तो अजून अभिमानाने सांगतो.

रविवारी मतदान झालं. जिच्या घरी लूम आहेत ती बाई बोटाची शाई दाखवत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "हे तुमच्या गनने निघतं का गो?" मी म्हटलं, निघत असलं तरी आज काढणार नाही. बायडी निवडून आली. किती मतांनी, ते जान्या दर वेळी थोडं वाढवून सांगतो, म्हणून मी आकडा देत नाही. मोजणीहून ते सगळे टेम्पोतून आले तेव्हा गुलालाने कोण कुठला हे ओळखू येत नव्हतं. टेम्पो आधी गुणाबाईंच्या दारात थांबला. बायडी उतरली, ओटीवर गेली, पाया पडली आणि म्हणाली, "मावशी, आता पाइपाचं बगायचंय. शेठना सांगा, गोडाऊनच्या बाजूनं खोदाया लागंल." हिरामणशेठ आत टीव्ही बघत होते. आवाज त्यांनी कमी केला, म्हणजे ऐकलं.

या गोष्टीला आता थोडे दिवस झाले. बायडी सकाळी पंचायतीत बसते आणि दुपारनंतर शेडमध्ये येते. सरपंचाने डाग काढू नयेत असं कुणीतरी तिला म्हणालं, तर ती म्हणाली, मंग सरपंचानं काय काढायचं?

परवा भूपेशची बायको रुचिका आली, पिशवी घेऊन. तिच्या तोंडावर हसू आणि लाज दोन्ही. तिने पांढरा शर्ट टेबलावर काढला. छातीवर दोन पिवळे पंजे, स्पष्ट, बोटाच्या पेरांसकट.

"दोनदा साबण लावला, ताई. लाल झालं नुसतं. हा त्यांचा आवडता शर्ट आहे."

मी बायडीकडे पाहिलं. तिने हात पुसले, शर्ट उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला. उजव्या बाहीवर पुन्हा एकदा बोट फिरवलं. तिथे काही नव्हतं.

"कशाचा हाय?" तिने विचारलं.

"हळदीचा," रुचिका म्हणाली, आणि पुढे काही सांगणार होती.

"बास. हळद आमी काढत न्हाय," बायडीने शर्टाची नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिला. "गन लागत न्हाय तिला. ओला करून उन्हात घाल, आपोआप जाती. दोन-चार दिस लागतील."

"गच्चीवर घालू?"

बायडीने थोडा विचार केला.

"गच्चीवर सावली येती," ती म्हणाली. "अंगनात घाल. रस्त्याच्या बाजूला ऊन चांगलं असतं."